कागदी गुलाब

मायक्रोफोन फुलदाणीत लपवलाय,
म्हणून शिपाई तिला सांगतो ते सगळं
कागदी गुलाबांकडे तोंड करून.
तीही निरोप देते गुलाबांनाच.

मी काचेमागे, कानांवर हेडफोन.
पंखा बंद; पंखाही ऐकू येतो.

सातव्या टेकला तिची बांगडी वाजली,
आठव्याला त्याचा पट्टा करकरला.
नवव्यानंतर कुणीतरी ओरडलं, जेवायला!
कॅबरे विझला.
मशीन बंद करायचं मी विसरलो.

"ऑर्व्हिल, खरंच गेला होतास का रे लढाईवर?"

बराच वेळ नुसती खरखर.

"आर्गोनला. बटाटे सोलायचो."

आणि ती हसली,
गाण्यात कधीच नसतं तसं,
नाकातून.

मेणाची तबकडी नियमाप्रमाणे
तासून परत वापरली.
तुम्ही थेटरात ऐकलात, रडलात,
तो दहावा टेक
त्याच मेणावरचा.