बाकी

कादवाकाठच्या आमच्या शाळेत
पॅकहाउसमधून क्रेट आला, फुकट.
सोळा मिलिमीटरच्या चकतीतून मणी निसटले
म्हणून परदेशी जायचं हुकलेले घड.
बारा किलो.

चौथीला मी फळ्यावर लिहून दिलं:
पाणी उकळा. चमचाभर सोडा.
घड बुडवा, पाच मोजा, काढा.
भांडण झालं ते पाचवरून.
साईराज भराभरा मोजतो, कार्तिकी ताणून.
तीस मुलांचे तीस पाच.

यमुना भोये मोजतच नव्हती.
ती साल बघत होती.
"सर, आता. केसाएवढी चीर पडली."
पेठहून आईबापामागं आलेली, विरळणीच्या टोळीत.
माझ्या हातात खडू नाही इतकी
तिच्या हातात कात्री सराईत.
नासका मणी असा उडवायची
की शेजारच्याला पत्ता लागू नये.

व्हरांड्यात बाजेवर शेडनेट, त्यावर घड.
सावलीतच. ऊन रंग खातं.
रोज काटा, रोज वहीत आकडा:
साडेनऊ. सात. पावणेसहा.
मुलं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली,
साईराजचे खिसे तपासले गेले.
"चोर वारा आहे," मी म्हणालो,
"पाणी तेवढं नेतो, गोडी त्याला उचलत नाही."
वाक्य मला फार आवडलं.
कुणीच वहीत घेतलं नाही.

नवव्या दिवशी यमुना नव्हती.
तोडणी आटोपली, टोळी पहाटेच्या पिकअपनं गेली.
दाखला मागायलाही कुणी आलं नाही.
हजेरीत 'गैर' लिहिता येतं,
'गेली' असा रकाना नसतो.

चौदाव्या दिवशी तीन किलो भरले, नेमके.
बाटल्या उकळलेल्या, पुसलेल्या, उन्हात पालथ्या.
कार्तिकीनं विचारलं,
"सर, आता भागिले एकोणतीस?"
मी काही बोलायच्या आत
बोटांवर, मग फळ्यावर, मग पुन्हा बोटांवर करून
साईराज म्हणाला,
"नको. बाकी उरते."

म्हणून तीसच बाटल्या.
एकोणतीस त्याच दिवशी घरी गेल्या,
वाटेतच अर्ध्या झाल्या असतील.
एक माझ्या कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी:
यमुना भोये, चौथी, शंभर ग्रॅम,
ओला हात लावू नये.

विरळणी आता दिवाळीनंतर.
जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा काट्यावर ठेवून पाहिली:
नव्वद.
झाकण घट्ट होतं, वाऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

साईराजचे खिसे
मी तपासले नाहीत.