अकरा वाजून दहा मिनिटं

डॉक्टरांनी कोरा कागद सरकवला.
"घड्याळ काढा, हालबेरा.
अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा त्यात."

अकुरेरीच्या त्या दवाखान्यात नको इतकी ऊब होती.
आईनं हातमोजे काढले,
एक ह्या खिशात, एक त्या खिशात,
आणि गोल काढला.
माझ्याच्यानं इतका नीट निघाला नसता.
मग मधोमध एक लहान गोल,
त्यातून बाहेर धावणाऱ्या रेघा,
चार, सात, अकरा.
आकडा एकही नाही.
काटे नाहीत.

डॉक्टर तरुण. समासात शून्य लिहिलं त्यांनी
आणि मला दिसू नये म्हणून
वर तळहात ठेवला.

"शंभरातून सात गेले?"
"सात कुठे गेले?" आईनं काळजीनं विचारलं.
"धुक्यात?"

खिंडीपाशी मी गाडी थांबवली.
ती झोपली होती, तोंड किंचित उघडं.
कागद काचेवर धरला
तेव्हा कळलं, हे तर वाडगं आहे.

सप्टेंबरात डोंगरावरून उतरलेली मेंढरं
मधल्या गोलात कोंबतात,
मग शिंगाला धरून ओढायची
ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या कप्प्यात.
रेघ म्हणजे भिंत.
हे होल्टासेल, हे ग्राउनेस, हे पाद्रीबाबांचं,
आणि हे नदीपलीकडचे दोघे भाऊ
जे चोवीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
त्यांच्यामधली रेघ
तिनं दोनदा गिरवली होती.

आमचा कप्पा मी शोधला.
बोटानं मोजत दोनदा फिरले.
नव्हता.

साऱ्या खोऱ्याच्या खुणा तिला पाठ होत्या.
डावा कान पुढून अर्धा कातरलेला,
उजव्याला मागून दोन खाचा: सिगुरलोग विधवेची.
खुणांचं छापील पुस्तक होतं घरोघरी,
पण लोक पुस्तक न उघडता
कोकरू काखेत मारून आईकडे येत.
आता ती मला कधी बहीण म्हणते, कधी नर्स,
कधी नुसतीच "अगं".

साठी बुद्धी नाठी, म्हणणारे म्हणोत.
नाठायला साठी कशाला,
मी चाळिशीत चाव्या फ्रीजमध्ये ठेवते.
पण माझ्या चाव्या सापडतात.

ह्या वर्षी नेलं तिला वाडग्यावर.
भावानं नको म्हटलं होतं, तरी नेलं.
गलका, ओल्या लोकरीचा वास,
कुणीतरी तिच्या हातात कॉफी दिली, ती तिनं सांडली,
आणि समोरच्या मेंढीचा कान
न बघता, दोन बोटांत धरला.
"ही आपली नाही. ग्राउनेसची."
ग्राउनेसचीच होती.
दुसरी. तिसरी. नऊ मेंढ्या तिनं सांगितल्या,
एक चुकली,
ती चूक कुणीच बोललं नाही.
नुसतं फाटक उघडलं, आणि नंतर, तिची पाठ वळल्यावर,
मेंढी गुपचूप परत काढली.

रात्री मी तिचे बूट काढायला वाकले.
तिनं माझा कान धरला.
आधी डावा: कडेनं वरपासून पाळीपर्यंत
अंगठा सावकाश फिरला.
मग उजवा.
मी हलले नाही.
गुडघा दुखत होता, तरी हलले नाही.

"खूण नाही," ती म्हणाली,
माझ्याशी नव्हे, माझ्या मागे उभ्या कुणाशी तरी.
बिनखुणेचं जनावर कुणाचंच नसतं,
ते जिल्ह्याकडे जातं. हा नियम
तिनंच मला शिकवला होता, सहाव्या वर्षी.

खिडकीकडे पाहिलं तिनं.
बराच वेळ पाहिलं.
"बर्फ येतोय," म्हणाली.
"आजची रात्र आत घे हिला."