ताबा

ये अन्वय. चपला बाहेरच राहू देत.
ही पायरी आपोआप आत जाते असं कागदावर आहे.
परकारने सूरच्या सनाइयात दोनदा मोटर बदलली.
आता मी पायाने ढकलतो. तूही ढकल.

गाडी मूळची एका डच इंजिनियरची,
कलहातच्या गॅस प्लँटवर होता.
जाताना प्रत्येक बटणाखाली
आपल्या भाषेत चिठ्ठ्या चिकटवून गेला.
अकरांचा अर्थ लागला.
बारावं दाबून काहीच होत नाही,
तरी नऊ वर्षं मी ते चालूच ठेवलंय.

टायरची नक्षी बघू नकोस, तारीख बघ.
इथे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या तडकतात.
एसी आणि किटली एकदम लावायची नाही.
चहा हवा की गारवा, ते आधी ठरव,
नाहीतर अंधारात फ्यूज शोधत बसशील
आणि फ्यूजचा डबा बिछान्याखाली आहे,
ज्यावर कोणीतरी झोपलेलं असतं.

फ्रिज मानी आहे.
गाडी तसूभर कलली की गॅस जळत राहतो
आणि दूध नासतं.
म्हणून ओट्यावर ही पाणसळ.
शब्द माझ्या वडिलांचा, ते गवंडी होते;
वस्तू चिनी, दीड रियालची.
बुडबुडा मधे येईपर्यंत
चाकाखाली फळ्या सरकवायच्या.
फळ्या सागाच्या, गलबतांच्या कारखान्यातल्या,
तिथल्या मल्याळी सुतारांनी उरलेल्या दिल्या.
त्या गाडीबरोबर तुझ्या.
पाणसळ मी नेणार.

छत गळतं. हसू नकोस,
आम्हीही हसलो होतो, मी आणि परकार,
कोकणातली दोन माणसं, इथे
पाऊस म्हणजे वर्षाच्या दोन सकाळी.
मग रास अल हद्दला पहाटे
कुमुदच्या कपाळावर थेंब पडला.
दव. समुद्राचं दव शिवणीतून उतरतं.
दर ऑक्टोबरला जुनी शिवण खरवड, नवी भर.
आळस केलास तर भिंतीतलं लाकूड
चहातल्या बिस्किटासारखं होतं
आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत.

अजून एक. रात्री तीनच्या सुमारास
पंप दोन सेकंद खोकतो.
कुमुद झोपेतच विचारायची, "कोण उठलं?"
कोणी नाही. झडपेत वाळूचा कण असणार.
नवी झडप डाव्या कपाटात आहे,
पाकीट फोडलेलं नाही, मस्कतहून आणून
दोन वर्षं झाली.
कुमुद मार्चमध्येच पुढे गेली, कुडाळला,
घराचं रंगकाम बघायला.
फोनवर म्हणाली,
"इथे रात्री कोणीच उठत नाही हो."

पडदे तिने शिवलेत. मापाला थोडे आखूड,
खालून पहाट आत येते.
बदलायचे तर बदल.

ही मुल्किया. मालकाच्या रकान्यात मी आहे,
अरबीत, एक अक्षर चुकलेलं.
एकतीस वर्षं इथे भाड्याच्या खोल्या,
कंपनीची जीप, कंपनीची गादी.
या देशाने मला मालक म्हटलं ते
या कार्डावर, एवढ्या जागेत.
खाली मुदत लिहिली आहे.
व्हिसाचीही तीच.
उद्या त्यावर तुझं नाव येईल,
स्पेलिंग तिथेच तपासून घे.

पैसे नंतर मोज, आधी दार शिक.
नुसतं ओढलंस तर लागत नाही.
मुठीत धर, जरासं वर उचल,
खांदा टेकव, आणि मग
थांब.
पाणसळ आत राहिली.