सहा अक्षरं

मंगळवारी वर्क ऑर्डर आली: तळमजला, उत्तरेची भिंत,
अक्षरं उतरवणे, सहा नग, भिंत पूर्ववत करणे.
कारणाच्या रकान्यात एवढंच: मुख्य कार्यालय, अमेरिका.

शिडी लावली.
प्रत्येक अक्षराला दोन स्क्रू, क्यूला तीन,
त्याच्या शेपटीला वेगळा आधार दिलेला.
बसवली होती तीही मीच, सात वर्षांपूर्वी.
तेव्हा पाहुणे आले होते, खजूर होते, काहवा होता,
आणि शब्दाचा अर्थ मी जेवणाच्या सुट्टीत
रिसेप्शनवरच्या मारिसेलला विचारला होता.
ती म्हणाली, सगळ्यांना सारखं, असं नव्हे,
ज्याला जेवढं कमी पडतं त्याला तेवढं.
पटलं मला. चिलरचं गणित हेच तर आहे:
पश्चिमेच्या खोल्यांना दुपारनंतर
जास्त गार हवा पाठवावी लागते,
तेव्हा कुठे इमारतभर बावीस अंश होतात.

मुलीला ॲडमिशन मिळालीय. इथेच.
दुसरा मजला, दोनशे चौदा,
जिथला व्हॉल्व्ह मी गेल्या रमजानात बदलला.
नुसैबा परकार, मेकॅनिकल.
पत्र तिने एवढ्या मोठ्याने वाचलं
की मुंतझाच्या आमच्या दीड खोलीतून ते जिन्यापर्यंत गेलं,
आणि खालचा मलबारी दुकानदार
पैसे न घेता साखर देऊन गेला.

फीच्या पानाला मात्र आवाज नव्हता.
कर्मचाऱ्यांच्या मुलांना निम्मी माफी आहे.
मी कर्मचारी नाही.
गळ्यातलं कार्ड कंत्राटदाराचं,
विद्यापीठ त्यावर फक्त 'कामाचं ठिकाण'.
गरजूंसाठी निधी होता.
तिकडे सरकारने हात आखडला,
तिकडच्यांनी मग इकडचा आखडला,
यंदा नवे अर्ज नाहीत, कळावे.
लोभ असावा असंही लिहिलं नव्हतं.

तरी फॉर्म भरायचाच असतो.
नुसैबा विचारते, मी सांगतो.
घर? भाड्याचं.
गाडी? कंपनीची बस.
जमीन? खाडीपलीकडे सात गुंठे,
सातबाऱ्यावर नावं अकरा.
कुटुंब दरवर्षी किती देऊ शकेल?

आता हे ऐका.
एकोणीस वर्षांची माझी ग्रॅच्युइटी,
हिशोब तीनदा केला,
जेमतेम एका सेमिस्टरला पुरते.
ती हातात पडते नोकरी सोडल्यावर.
नोकरी सोडली की व्हिसा गेला,
माझ्या व्हिसावर तिचा, तिच्या आईचा.
म्हणजे फी मी भरू शकतो,
पण इथून गेल्यावरच,
आणि जिच्यासाठी भरायची
ती इथे जन्मली, इथेच वाढली,
आणि कागदावर माझ्या मागून जाणारी.
ह्याला रकाना नाही.
'इतर'मध्ये अडीचशे शब्द चालतात.

अब्बा, लिहू हे?
लिही म्हटलं. रडका सूर नको पण.
ती हसली. म्हणाली, रडायला
अडीचशे पुरतात कुठे.

अक्षरं स्टोअरमध्ये जमा केली, पावती घेतली.
भोकं बुजवली, घासली,
दोन हात रंग मारला. डब्यावरचा नंबरही तोच.
पण सात वर्षं आम्ही दर उन्हाळ्यात
त्या अक्षरांच्या भोवतीभोवतीनेच रंगवत आलो,
थरावर थर चढून तिथे बारीक कड उठलीय,
आणि संध्याकाळी दिवे तिरपे पडले की
ती दिसते.
सुपरवायझर मान वाकडी करून बघत राहिला.
म्हणाला, अजून वाचता येतंय.

तिसरा हात उद्या.
निघताना कंट्रोल रूममध्ये गेलो,
दोनशे चौदाचा आकडा थोडा खाली आणला.
पश्चिमेची खोली आहे ती.