मावशी एकोणचाळीस वेळा मेली

मोजलंय मी. वहीत, सिनेमाच्या नावांसकट.
टीबीनं सात वेळा, गोळी लागून पाच,
एकदा देवळाच्या पायरीवर, हातात तबक तसंच धरून,
आणि एकदा नुसती हाय खाऊन, दारात,
मुलगा तुरुंगातून सुटून यायच्या दोन मिनिटं आधी.

पूर्व भागातल्या थिएटरात पुढची सगळी बाकडी
विडी कारखान्यातल्या बायांची.
ती पडद्यावर आली की गलका, "नरसू! ए नरसू!"
पुढच्या रिळात मरणार, हे ठाऊक असून
दर वेळी कुणीतरी ओरडायचंच,
"दूध पिऊ नको की गं, विष हाय त्यात!"

पडद्यावर तिचं नाव मंजिरी.
साखर पेठेतल्या नरसम्मा बोद्दुलचं नाव
कुणा मॅनेजरच्या जिभेवर बसेना, म्हणून.
आणि तिच्या जिभेवर हिंदी बसेना.
तेलुगूच्या हेलानं सगळी वाक्यं शेवटी वर चढायची.
मग कमी बोलायची कामं मिळाली,
दाई, मोलकरीण, मुकी विधवा,
आणि एकतिसाव्या वर्षी केसांना पावडर फासून
आई.
मुलगा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा.
पाया पडताना त्याचे गुडघे वाजायचे,
तो आवाज नंतर वीणा घालून झाकला, म्हणते ती.

अम्मा तिच्या पाठची.
दिवसाला हजार विड्या. हिंदी कळायची नाही,
ती गोष्ट बघायचीच नाही. फक्त हात बघायची.
एका सिनेमात मावशी पदर फाडून
जखमी नायकाच्या दंडाला पट्टी बांधते.
दोन वेढे, अंगठ्यानं दाब,
टोक नखानं आत.
अम्मा उभी राहिली. मग मागची रांग उभी राहिली.
मुंबईत ही गाठ कुणाची नव्हती.
असल्या गाठीची विडी
चेकरनं कधी छाटात काढली नव्हती.

परत आली तेव्हा ट्रंकेत होती
ज्युबिलीची एक पितळी ढाल,
तीही दुसऱ्याच कुणाच्या नावाची, चुकून घरी पोचलेली.
विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्यांत
दुपारी टीव्हीवर तिचे सिनेमे लागतात.
कडक भाकरी शेंगाचटणीशी मोडत
ती आपलं मरण बघते.
"पोट हललं बघ. श्वास दिसतोय.
रीटेक मागितला होता मी. लाईट चालली होती म्हणे."

पौषात अम्मा गेली. गड्ड्याचे पाळणे अजून फिरत होते,
कर्णा घरापर्यंत ऐकू येत होता.
गल्ली गोळा झाली, अम्मासाठी आणि थोडी हिच्यासाठी,
आता कशी रडते बघायला.
ती रडली नाही.
अम्माच्या पोटाकडे बघत बसली बराच वेळ.
हललं नाही.
"नटीला काय, सवय असंल," कुणीतरी पुटपुटलं.

पायांचे अंगठे बांधायचे होते. सुतळी सापडेना.
तिनं अम्माच्या सुपातलं रीळ उचललं,
दोन वेढे, दाब,
टोक नखानं आत.
कात्री पुढे केली मी. घेतली नाही.
दोरा तिनं दातानं तोडला,
आणि उरलेला परत रिळाला गुंडाळून
सुपात होता तिथंच ठेवला.