पुढच्या वर्षी पडतील अशी नाणी

डिसेंबरचा शेवटचा शनिवार.
सरोवर कडेकडेनं गोठत आलंय,
आणि वेंडेल कोवाच दुकानाचं शटर अर्धंच उचलून
विजेच्या बिलाच्या पाकिटावर यादी लिहितोय:
पुढच्या वर्षी पडतील अशी नाणी.

एकोणीस वर्षं मी ही यादी टाइप करून काचेवर चिकटवते.
सँडस्कीतले लोक बुटांवरचा बर्फ झाडत येतात,
वाचतात, हसतात,
आणि घरी जाऊन गुपचूप आपापला डबा उघडतात.

पहिलं नाव ठरलेलं.
राज्याराज्यांचे पाव डॉलर, न फोडलेल्या गुंडाळ्या.
‘सगळ्यांनीच जपून ठेवलं
ते दुर्मिळ व्हायचं कसं?’
मग रंग भरलेली, गरुडाच्या डोळ्यात लाल ठिपका असलेली.
मग निळ्या मखमलीतली, सहीच्या प्रमाणपत्रासकट.
‘पेटी नाण्याहून देखणी असली की समजावं.’
मग प्लास्टिकमध्ये सीलबंद, सत्तरपैकी सत्तर गुणांची.
‘माझ्या वर्गात असा एक होता,’ वेंडेल म्हणतो,
‘पुढे विमा विकायचा.’

त्याचं फारसं चुकत नाही.
एकदा चुकलं, चांदी उसळली तेव्हा.
त्या वर्षी सबंध जानेवारी
तो माझ्याशीही खुणांनीच बोलला.

तुला हे कळतं कसं, कुणीतरी विचारतंच.
तो छताकडे बोट करतो.
छतावर फक्त ओल आहे.

मला माहीत आहे कुठून कळतं.
रोज सकाळी, कॉफीवर साय धरेपर्यंत,
तो पेपरातलं निधनाचं पान वाचतो, पेन्सिल घेऊन.
हॅरल्ड प्रुइट, एक्याऐंशी, रेल्वेत होता: इंडियन हेड सेंट, तीन अल्बम.
लिओ मारुशाक, सत्त्याहत्तर: मॉर्गन डॉलर, अडीचशे तरी.
इर्मा हॉफनर: नवऱ्याचं सगळं, हातही न लावलेलं.
मग बोटांवर महिने मोजतो.
दफन, वकील, घराला पाटी, शेवटी तळघर.
मार्चमध्ये कोलंबसहून मुलगा येईल,
बाहेर गाडी चालू ठेवून
डबा काउंटरवर आपटेल,
‘सगळ्याचे मिळून किती?’

एका वसंतात असे सहा मुलगे आले
की भाव पडतो.
दुसरं शास्त्र नाही त्याला.

यंदा पाकिटावर पाचवी ओळ होती.
बफेलो निकेल, साल झिजलेली.
मी म्हटलं, ही कशी पडतील? ही तर आधीच तळाला आहेत.
आणि विकायला आणणार कोण?
गावात ती जमवतं कोण?
बोलता बोलता माझंच बोट थांबलं टाइपरायटरवर.
मागच्या कपाटात लोणच्याच्या अकरा बरण्या आहेत,
काचेच्या कारखान्यातून घरी येताना
त्याच्या बापानं पगारातून वेगळी काढलेली,
एका बाजूला रेडा, एका बाजूला माणूस,
आणि जिथं साल असायचं तिथं
अंगठ्यानं पुसून नेलेला गुळगुळीतपणा.

‘कपाटाची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?’
एवढंच म्हणाला वेंडेल,
आणि डॉक्टरांचं पाकीट, जे मी टपालात पाहिलं होतं,
कॅश रजिस्टरखाली सरकवलं.

मी चारच ओळी टाइप केल्या.
त्यानं काचेवरचा कागद बघितला, पेन काढलं,
पाचवी स्वतःच्या हातानं लिहिली.
अक्षर खाली उतरत गेलेलं.

चारच्या सुमाराला ऑगी आला, शेजारच्या लाँड्रीतला,
नऊ वर्षांचा, मोजे ओले,
मुठीत दोन डॉलर.
त्याला रेडा हवा होता.
वेंडेलनं यादीकडे मान हलवली,
‘वाचता येतं ना? पुढच्या वर्षी ये. स्वस्त होईल.’

पोरानं वाचलं. ओठ हलवत, सगळं वाचलं.
मग नोटा काउंटरवर ठेवून
हातानं सपाट केल्या.
‘मला आत्ता हवाय.’

वेंडेल उठला, बरणी उघडली,
हवं ते निवड म्हणाला, घाई नाही.
पाऊण तास लागला.
घेतले पूर्ण दोन डॉलर,
एक सेंट सोडला नाही.