संपादकांनी दिलेले आठ प्रश्न

क्रीडाप्रतिनिधीला ताप, म्हणून मला धाडलं वास्कोला.
एरवी मी नगरपालिका लिहिते,
फुटलेली पाइपलाइन, चवथीच्या माटोळीचे भाव.
फोनमध्ये आठ प्रश्न. पहिला:
शेवटचा सामना हरल्यावर कसं वाटतंय?

मुरगांव बंदर क्लब. एकोणपन्नास वर्षं.
सोमवारपासून नाही.
कंपनीचं पत्र तीन ओळींचं,
तिसरीत आभार.

शाणू गावडे जर्स्या धुतो.
म्हणाला, पांढरी जर्सी पांढरी कधी पाहिलीच नाही आम्ही.
कोळशाचं जहाज धक्क्याला लागलं
की दोरीवरच करडी.
पाहुणे विचारायचे, तुमचा रंग नक्की कुठला?
मी भराभर लिहून घेतलं.
अकरा नंबर पिळता पिळता तो म्हणाला,
हे घालू नको हां बाय, कंपनी पेपर वाचते.

कोच म्हणाले, प्रश्न ईमेल करा.

लालरेमा, डाव्या बाजूनं धावतो, मिझोरामचा, विशीतला.
त्याची कोंकणी माझ्याहून साफ,
पण बायण्याच्या घरमालकिणीकडून उचललेली,
म्हणून सगळी स्वयंपाकघरातली.
कसं वाटतंय? विचारलं.
बूट सोडत म्हणाला,
‘हुमणांत मीठ चड जालें.’
मी मराठीत लिहिलं : पराभव निराशाजनक.
मग खोडलं.
मग वेळ नव्हता, म्हणून पुन्हा तेच लिहिलं.

तीन नंबरच्या फाटकावर सुमती, खाजं विकते.
तिला हारजीत ताजव्यातून कळते.
जिंकले की माणसं थेट तावेर्नात,
हरले की घरी.
आणि पोरांसमोर रिकाम्या हातानं
कोण जाणार?
यंदाचा हंगाम मला बरा गेला, म्हणाली,
आणि स्वतःच गप्प झाली,
पाव किलोत दोन तुकडे जास्त टाकले माझ्या.

पेद्रू वाझ, तारवटी, बावीस वर्षं जहाजावर.
क्लबाचा सगळ्यात जुना चाहता, असं सगळे सांगतात.
सामने किती पाहिले?
थोडे. बाकीचे एस्मेराल्डाच्या पत्रांतून.
दर रविवारी मैदानावर जायची ती,
आणि रात्री मला लिहायची, कोणी किती, कितव्या मिनिटाला.
ती गेल्यावर मी जुने पेपर काढून ताळा घेतला.
तिच्या पत्रांत क्लब एकदासुद्धा हरलेला नाही.
मी विचारलं, राग आला?
तो म्हणाला, एका सामन्यात तिनं सात गोल दिलेत.
त्या वेळी मी एडनला होतो, कावीळ झालेली.

प्रश्न चार ते सात मी विचारलेच नाहीत.

इनास फुर्तादो, गोलकीपर,
ज्याच्या उजव्या हाताखालून तो चेंडू गेला,
कुणाशीच बोलत नव्हता.
मैदान रिकामं झालं. दिवे अर्धे विझवलेले.
मी फोन पुढे केला.
तो म्हणाला, ‘हांगां रावून पळय.’
मी उभी राहिले, दोन खांबांच्या मध्ये,
चपला घालून.
इथून स्टँड केवढासा दिसतो.
माणसं असती तरी कुणाचं तोंड ओळखू आलं नसतं.
आणि दोन्ही खांब हाताला लागत नाहीत,
कितीही ताणलं तरी.

त्यानं ठिपक्यावर चेंडू ठेवला.
म्हणाला, आता मी विचारतो.

टेपवर पुढे असं आहे :
चार पावलं. धप्प.
जाळीचा आवाज, ओल्या चादरीसारखा.
मग कोणीतरी हसतंय, बराच वेळ,
आणि लांब जहाजाचा भोंगा.
हसणारा तो की मी, हे मला
तीनदा ऐकूनही कळलेलं नाही.

बातमी नव्वद शब्दांची आली, आतल्या पानावर,
फोटो दहा वर्षांपूर्वीचा.
त्यात जर्सी पांढरी दिसते.